बॉस, बाँड आणि बोसमन

गेममधला स्ट्रायकर फुकटात क्लब सोडून जातो आणि लातूरमधला एक इंजिनीअर रात्री दोन वाजता डोकं धरून बसतो... फुटबॉलच्या कॉन्ट्रॅक्टचे खरेखुरे नियम कॉम्प्युटर गेममध्ये कसे शिरले, आणि त्यांचा तुमच्या-आमच्या ऑफर लेटरशी काय संबंध?

"ताई, पोरगं चाललंय गं!"

रात्रीचे दोन वाजलेले. लातूरला औसा रोडवरचं आत्याचं घर. भाऊबीजेसाठी मी नांदेडहून एसटीने लोहा, अहमदपूर, चाकूर करत हाडं खिळखिळी करून पोचलेले. चकल्या हाणून झाल्या होत्या, गप्पा मारून झाल्या होत्या, सगळे गाढ झोपले होते. आणि पाणी प्यायला उठले तर हॉलमध्ये लॅपटॉपच्या निळ्या उजेडात माझा आतेभाऊ बसलेला. चेहरा असा, की घरात काहीतरी वाईट घडलंय.

"कोण चाललंय?" मी घाबरूनच विचारलं.

"माझा स्ट्रायकर!"

हुश्श. म्हणजे 'फुटबॉल मॅनेजर'. आमच्या घरात या मुलाला सगळे 'मॅनेजर' म्हणूनच हाक मारतात, ते या गेममुळेच. खरं तर तो पुण्यातल्या एका कंपनीत साधा सॉफ्टवेअर इंजिनीअर. आत्याच्या भाषेत सांगायचं तर, "हे बघ की, रातभर बसून कुणाकुणाला पगार वाटलालंय. ह्याचा सोताचा पगार म्हैनाभर पुरंना!"

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी : यात तुम्ही बॉलला लाथ मारत नाही. तुम्ही क्लबचे मॅनेजर असता. खेळाडू शोधा, त्यांना घ्या, पगार ठरवा, टीम लावा आणि मग नखं खात मॅच बघत बसा. थोडक्यात, ऑफिसमधून घरी येऊन परत ऑफिस!

तर झालं असं होतं. मॅनेजरसाहेबांनी इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनमधला एक क्लब घेतला होता. तिथे सतरा वर्षांचा एक पोरगा हेरला, त्याला तीन सिझन खेळवलं, घडवलं. त्याने गोलांचा पाऊस पाडला. या सगळ्या आनंदात साहेब एकच गोष्ट विसरले... त्याचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायला. जानेवारी उजाडला, कॉन्ट्रॅक्टचे शेवटचे सहा महिने सुरू झाले आणि पोरगा जर्मनीतल्या एका क्लबशी सही करून मोकळा. जूनमध्ये जाणार. ट्रान्सफर फी? शून्य.

"मी त्याला घडवलं ताई! कुणी ओळखत नव्हतं त्याला. आणि हा फुकटात चालला? नमकहराम!"

मी हसले. कारण दुपारीच त्याने मला त्याच्या स्वतःच्या कंपनीची कहाणी सांगितली होती. दोन वर्षांचा बाँड, त्यातलं सव्वा वर्ष झालेलं. हातात दुसऱ्या कंपनीची ऑफर, जॉइनिंगला तीस दिवस. आणि इकडे नोटिस पिरियड तीन महिन्यांचा, वर दोन लाख रुपये भरल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर देणार नाही अशी मेल.

"तुझी एचआर पण तुझ्याबद्दल हेच म्हणत असेल ना रे?" मी म्हटलं. "आम्ही याला ट्रेनिंग दिलं, घडवलं आणि हा चालला!"

तो गप्प झाला. मग लॅपटॉप बंद करून म्हणाला, "पण माझा स्ट्रायकर जाऊ शकतो. मी का नाही?"

रात्री दोन वाजता असा प्रश्न कुणी विचारू नये. माझी झोप उडाली, आणि ही स्टोरी सुरू झाली.

रिलीव्हिंग लेटरसाठी कोर्टात गेलेला माणूस

स्ट्रायकर जाऊ शकतो, त्याचं श्रेय एका माणसाला आहे. ज्याँ-मार्क बोसमन. बेल्जियममधला एक मध्यम दर्जाचा मिडफिल्डर. मेस्सी-रोनाल्डोच्या पंगतीत त्याला कुणी बसवणार नाही, पण त्या दोघांच्या पगारावर त्याचा हात आहे.

१९९० मध्ये आरएफसी लिएज या क्लबबरोबरचं त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. क्लबने नवं कॉन्ट्रॅक्ट देऊ केलं, पण पगार आधीच्या जेमतेम पाव. हा म्हणाला, नको. फ्रान्समधला डंकर्क हा क्लब त्याला घ्यायला तयार होता. पण तेव्हाचा नियम असा, की कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी जुना क्लब ट्रान्सफर फी मागू शकायचा आणि ती मिळेपर्यंत खेळाडूला अडकवून ठेवू शकायचा. डंकर्क ते पैसे देऊ शकेल याची लिएजला खात्री वाटेना. कागद अडले, व्यवहार फिसकटला. म्हणजे बघा, नोकरी संपलेली, पगार बंद आणि रिलीव्हिंग लेटर नाही!

बोसमन कोर्टात गेला. पाच वर्षं लढला. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपियन कोर्ट ऑफ जस्टिसने निकाल दिला : युरोपियन युनियनमधल्या कामगाराला दुसऱ्या देशात जाऊन काम करण्याचा हक्क आहे, फुटबॉलपटूसुद्धा कामगारच आहे, त्यामुळे कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर त्याच्यासाठी फी मागता येणार नाही. शिवाय युरोपियन युनियनच्या नागरिकांवर 'परदेशी खेळाडू' म्हणून कोटा लावणंही बंद.

एका निकालाने धंद्याचं गणितच उलटं झालं. जो पैसा क्लबकडून क्लबकडे जायचा, तो आता खेळाडूच्या पगारात आणि सायनिंग बोनसमध्ये जाऊ लागला. २००१ मध्ये सोल कॅम्पबेल टॉटनहॅम सोडून थेट कट्टर शत्रू आर्सेनलमध्ये गेला, फी शून्य. २०१४ मध्ये लेवांडोव्स्की डॉर्टमुंडहून बायर्नला, शून्य. २०२४ मध्ये एम्बापे पॅरिसहून रिअल माद्रिदला, शून्य.

आणि बोसमन? त्याचं करिअर त्या लढाईतच संपलं. दार उघडून देणारा माणूस स्वतः बाहेरच राहिला.

भावांची बेडरूम आणि वकिलाचं पुस्तक

आता गेमकडे येऊ. १९९२ मध्ये पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन इंग्लिश भावांनी घरी बसून बनवलेला 'चॅम्पियनशिप मॅनेजर' बाजारात आला. गंमत म्हणजे त्या पहिल्या गेममध्ये खऱ्या खेळाडूंची नावंच नव्हती, सगळी कॉम्प्युटरने जुळवलेली. ग्राफिक्स म्हणाल तर अक्षरं आणि आकडे. पण लोक वेडे झाले. कॉलियर बंधूंची कंपनी, स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह, पुढे प्रकाशकापासून वेगळी झाली. जुनं नाव प्रकाशकाकडे राहिलं आणि २००४ पासून यांचा गेम 'फुटबॉल मॅनेजर' झाला. म्हणजे गेम बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या आयुष्यातही कॉन्ट्रॅक्टने टीम बदलायला लावलीच!

'चॅम्पियनशिप मॅनेजर २' आला सप्टेंबर १९९५ मध्ये. तीन महिन्यांत बोसमनचा निकाल. म्हणजे दुकानात गेम नवाकोरा आणि त्यातला कायदा शिळा. पुढच्या आवृत्त्यांमध्ये मग बोसमन आत शिरला आणि खेळण्याची पद्धतच बदलली. तोवर चांगला खेळाडू म्हणजे तिजोरीतला दागिना. आता तो फ्रीजमधलं दूध झाला. एक्स्पायरी डेट बघत राहा!

त्यानंतर कायद्याचा प्रत्येक बदल गेमच्या डिझायनरच्या टेबलावर येऊन पडू लागला. २००१ मध्ये फिफाने युरोपियन कमिशनशी बोलणी करून ट्रान्सफरचे नियम नव्याने लिहिले. कॉन्ट्रॅक्ट कमीत कमी एका सिझनचं, जास्तीत जास्त पाच वर्षांचं. अठरा वर्षांखालच्या मुलाशी तीन वर्षांपेक्षा जास्त नाही. शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडू दुसऱ्या क्लबशी बोलू शकतो. खरेदी-विक्री वर्षातून दोनदाच, ठरलेल्या 'विंडो'मध्ये.

आता आमच्या मॅनेजरची चूक बघा. सतरा वर्षांच्या पोराला त्याने तीन वर्षांचंच कॉन्ट्रॅक्ट का दिलं? कारण गेमने पुढचा आकडा निवडूच दिला नाही. पोरगा जानेवारीत जर्मन क्लबशीच का बोलला, शेजारच्या इंग्लिश क्लबशी का नाही? कारण इंग्लंडमध्ये सहा महिने आधीची ती मुभा परदेशी क्लबसाठीच आहे. ज्याला तो 'गेमची चीटिंग' म्हणत होता, ती शब्दशः नियमावली होती.

स्पेनमध्ये गेलात तर वेगळंच. तिथे १९८५ च्या एका सरकारी आदेशामुळे खेळाडू ठरलेली रक्कम भरून कॉन्ट्रॅक्ट तोडू शकतो. म्हणून स्पॅनिश क्लबचं कॉन्ट्रॅक्ट म्हटलं की रिलीज क्लॉज आलाच. ऑगस्ट २०१७ मध्ये नेमारचे असे २२.२ कोटी युरो भरले गेले आणि तो बार्सिलोनाहून पॅरिसला गेला. बार्सिलोनाने तो आकडा लिहिला होता, तो कुणाला परवडू नये म्हणून! त्याच वर्षी आलेल्या 'फिफा १८' च्या करिअर मोडमध्ये समोरासमोर बसून वाटाघाटी करायचे सीन आले, रिलीज क्लॉज आला, सेल-ऑन टक्केवारी आली. गोल मारायचा गेम, पण मधे मधे कोट घातलेल्या एजंटशी हुज्जत.

सगळ्यात सॉलिड किस्सा ब्रेक्झिटचा. २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपियन युनियन सोडायचं ठरवलं, पण कसं सोडणार हे खुद्द ब्रिटिश सरकारलाही माहीत नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या 'फुटबॉल मॅनेजर २०१७' ने काय केलं? अनेक शक्यता गेममध्ये घालून ठेवल्या. एकाच्या गेममध्ये युरोपियन खेळाडूंना पूर्वीसारखंच मोकळं रान, तर दुसऱ्याच्या गेममध्ये प्रत्येकाला वर्क परमिट. खरे नियम आले १ जानेवारी २०२१ पासून : पॉइंट्सवर मिळणारं परमिट आणि अठरा वर्षांखालचा परदेशी मुलगा इंग्लिश क्लबला घेताच येणार नाही. मग गेममध्येही तेच.

मला पडलेला प्रश्न साधा होता. खेळणाऱ्याला मजा हवी असते, मग हा वकिली किचकटपणा कशाला? मॅनेजरने सकाळी पोहे खाता खाता उत्तर दिलं. "ताई, पैसे साठवून सगळे चांगले प्लेअर घेतले आणि ते कायम आपलेच राहिले, तर गेम दोन सिझनमध्ये संपला की. माणसं जातात म्हणून तर मजा आहे."

पटलं. नियम म्हणजे इथे घड्याळ आहे. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक तारीख असते, म्हणून प्रत्येक निर्णयाला वजन येतं. 'फिफा'च्या अल्टिमेट टीममध्ये तर डिझायनरने या घड्याळाचा धंदाच केला. तिथे खेळाडूच्या कार्डावर सात मॅचचं कॉन्ट्रॅक्ट असायचं, प्रत्येक मॅचला एक कमी, संपलं की नवं कॉन्ट्रॅक्ट कार्ड लावा. खऱ्या जगात कॉन्ट्रॅक्ट खेळाडूला मोकळं करतं, इथे ते तुमचे कॉइन्स मोकळे करायचं! अशा गेममधल्या पैसे देऊन घ्यायच्या पाकिटांना २०१८ मध्ये जुगार ठरवलं कुणी? बोसमनच्याच बेल्जियमने. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीला तिथे पॉइंट्स विकणं थांबवावं लागलं.

नावाचंही कॉन्ट्रॅक्ट असतं

आठवतंय, कॉलेजात असताना नेट कॅफेत 'क्रिकेट ०७' खेळताना भारतीय टीममधली विचित्र नावं बघून आपण किती हसायचो? नांदेडच्या वजिराबादमधल्या कॅफेत आम्ही आधी अर्धा तास नावं दुरुस्त करायचो आणि मग टॉस करायचो. तासाचे पैसे त्यातच जायचे. आम्हाला वाटायचं, या परदेशी लोकांना स्पेलिंग येत नाही. कारण वेगळंच होतं. लायसन्स नव्हतं.

खेळाडूचं नाव आणि चेहरा हीसुद्धा विकायची-घ्यायची गोष्ट आहे. ज्याचं कॉन्ट्रॅक्ट नाही त्याचं नाव वापरायचं नाही. म्हणून 'प्रो इव्होल्यूशन सॉकर'मध्ये लिव्हरपूलचं 'मर्सीसाइड रेड' व्हायचं आणि चेल्सीचं 'लंडन एफसी'. जर्मनीचा गोलकीपर ऑलिव्हर कान याने तर २००२ वर्ल्ड कपच्या गेममध्ये आपल्याला परवानगीशिवाय वापरलं म्हणून केस केली आणि २००३ मध्ये हॅम्बुर्गच्या कोर्टात जिंकली. 'फिफा २०' मध्ये खुद्द रोनाल्डो ज्या क्लबकडून खेळत होता तो युव्हेंटस गेममध्ये नव्हताच, होता 'पिएमोंटे काल्चो'. कारण युव्हेंटसने दुसऱ्याच गेम कंपनीशी करार केला होता. आणि २०२० मध्ये झ्लाटान इब्राहिमोविचने जाहीर विचारलं होतं की माझं नाव आणि चेहरा वापरायची परवानगी यांना दिली कुणी?

शेवटी 'फिफा' हे नावसुद्धा गेलं. गेम बनवणाऱ्या कंपनीचं आणि फिफाचं २०२२ मध्ये बिनसलं आणि २०२३ पासून तोच गेम 'ईए स्पोर्ट्स एफसी' नावाने येऊ लागला. तीस वर्षांचा संसार, पण कॉन्ट्रॅक्ट संपलं की संपलं. बोसमन झिंदाबाद!

आपल्याकडे काय सीन आहे?

'फिफा २२' मध्ये इंडियन सुपर लीग आली तेव्हा आमच्या मॅनेजरने मुंबई सिटी घेऊन म्हणे एका रात्रीत आठ मॅच काढल्या. पण आपल्या लीगचे खरे कॉन्ट्रॅक्टचे किस्से बघितले, तर असा गेम कुणी डिझाइनच करणार नाही!

२३ जुलै २०१७, मुंबई. आयएसएलचा ड्राफ्ट. प्रत्येक भारतीय खेळाडूची किंमत आधीच ठरलेली, क्लबने पाळीपाळीने नाव उचलायचं. केरळच्या अनस एडाथोडिकाला जमशेदपूरने पहिल्याच नंबरवर उचललं, १ कोटी १० लाखांना. पैसे चांगले, पण कुठल्या शहरात राहायचं हे खेळाडू ठरवणार नाही. कॅम्पस प्लेसमेंटमध्ये 'लोकेशन : एनीव्हेअर इन इंडिया' वर टिक करून बसलेल्यांना हे फीलिंग कळेल.

आपल्या पुण्याचंच घ्या. २०१४ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा बालेवाडीत एफसी पुणे सिटी होता, हृतिक रोशन सहमालक. २०१९ मध्ये क्लबच बंद! त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली आणि त्याच हैदराबादने २०२२ मध्ये आयएसएल जिंकली. २०२५ मध्ये तो क्लबही दिल्लीला गेला आणि नाव बदललं. पुण्यात ढोल वाजवणाऱ्या फॅनने आता नक्की कुणाला चीअर करायचं? 'फुटबॉल मॅनेजर'मध्ये क्लब कर्जात बुडाला की खेळाडू विकले जातात, पण क्लब सामानसुमान घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला गेला, असं काही आमच्या मॅनेजरने अजून पाहिलेलं नाही.

मग अन्वर अलीची केस. हा डिफेंडर दिल्ली एफसीकडून मोहन बागानला गेला तो चार वर्षांच्या लोनवर. २०२४ मध्ये त्याने ते लोन मोडलं आणि बागानच्या जानी दुश्मनाकडे, ईस्ट बंगालकडे गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये फुटबॉल महासंघाच्या समितीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली, बागानला १२ कोटी ९० लाख भरपाई द्यायला सांगितली, ईस्ट बंगाल आणि दिल्ली एफसीवर दोन विंडोंची नोंदणीबंदी लावली. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि शिक्षा थांबली. पण मुळात मुद्दा हा, की फिफाने २०२२ पासून लोनला एक वर्षाची मर्यादा घातलेली असताना चार वर्षांचं लोन आलं कुठून? नियमाने चालणाऱ्या गेममध्ये असा पर्याय तुम्हाला स्क्रीनवर दिसायलाच नको.

आणि २०२५? लीग चालवणारी कंपनी आणि महासंघ यांचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता. नवा होईना, म्हणून ११ जुलैला लीगच थांबवली गेली. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या टीमचे आणि स्टाफचे पगार बेमुदत थांबवले. नवा सिझन लांबला तो २०२६ उजाडेपर्यंत. वरच्या दोघांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये खालचा खेळाडू कसा अडकतो, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण नको. प्रोजेक्ट गेला म्हणून 'बेंच'वर बसलेल्या मंडळींनी मान डोलवायला हरकत नाही.

एका बाबतीत मात्र फुटबॉल आपल्यापेक्षा शहाणा आहे. क्लबने 'आम्ही घडवलं' म्हणणं तिथे कुणी हसण्यावारी नेत नाही. बारा ते तेवीस या वयात खेळाडू ज्या ज्या क्लबमध्ये शिकला, त्या सगळ्यांना पुढच्या आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर फीमधले मिळून पाच टक्के वाटले जातात. शिवाय तरुण खेळाडूसाठी ट्रेनिंग कॉम्पेन्सेशन वेगळं. म्हणजे घडवणाऱ्याला पैसे मिळतात, पण ते नवा क्लब देतो. खेळाडूच्या खिशातून कुणी काढत नाही.

आणि आपला बाँड?

आता मॅनेजरच्या रात्री दोनच्या प्रश्नाकडे. मी का नाही जाऊ शकत?

मी कायद्याची पदवीधर नाही, मास कॉमवाली आहे. पण कागद वाचता येतात. इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२ सालचा. त्याचं कलम २७ सांगतं की कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. म्हणजे 'नोकरी सोडल्यावर अमुक कंपनीत जायचं नाही' ही अट कोर्टात सहसा टिकत नाही. वाह! मी हे वाचून दाखवलं तेव्हा मॅनेजर उडी मारून उठला.

पण थांबा. नोकरी चालू असतानाच्या अटींचं गणित वेगळं. १४ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या केसमध्ये निकाल दिला. अट अशी होती : तीन वर्षं नोकरी करा, नाहीतर दोन लाख भरा. त्याने २००७ मध्ये जॉइन केलं, २००९ मध्ये दुसऱ्या बँकेसाठी राजीनामा दिला, नाराजीनेच दोन लाख भरले आणि मग कोर्टात गेला. हायकोर्टात जिंकला, सुप्रीम कोर्टात हरला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की ही अट त्याला दुसरीकडे काम करण्यापासून रोखत नव्हती, मुदतीआधी गेल्याची भरपाई मागत होती. सरकारी बँकेला भरतीची सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते आणि त्याच्या पदाच्या मानाने रक्कम अवाजवी नाही.

म्हणजे बाँड म्हणजे साखळदंड नाही, पण कचऱ्यात टाकायचा कागदही नाही. खरं तर तो एक रिलीज क्लॉजच आहे. फरक एवढाच की नेमारचा क्लॉज एका श्रीमंत क्लबच्या जोरावर भरला गेला, आणि आपला क्लॉज आपण ईएमआय, रूमचं भाडं आणि घरी पाठवायचे पैसे काढून उरलेल्या पगारातून भरायचा. फुटबॉलपटूच्या बाजूने युनियन असते, एजंट असतो, शेवटच्या सहा महिन्यांची मुभा असते. लातूर पॅटर्नमध्ये शिकून, ट्यूशन एरियात बारा-बारा तास बसून पुण्यात आलेल्या पोराच्या बाजूने कोण असतं? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा एखादा सीनियर, जो सांगतो, "भर आणि सुट."

ऑफिसवाल्यांसाठी फुटबॉलची डिक्शनरी

ट्रान्सफर फी : नोटिस बायआउट. नवी कंपनी भरत असेल तर तुम्ही स्टार.

रिलीज क्लॉज : बाँडची रक्कम. सही करायच्या आधी आकडा वाचा, नंतर नाही.

प्री-कॉन्ट्रॅक्ट : खिशात नवी ऑफर ठेवून जुन्या टीमच्या लंचला जाणं.

लोन : ऑनसाइट किंवा डेप्युटेशन. पगार एकाचा, काम दुसऱ्याचं, अप्रेझल कुणाचंच नाही.

लॉयल्टी बोनस : रिटेन्शन बोनस. दिलेला परतही मागतात, अटी बघा.

फ्री एजंट : ज्याला घरचे 'सध्या घरीच आहे' म्हणतात. फुटबॉलमध्ये मात्र यालाच जास्त पैसे मिळतात!

रिलेगेशन क्लॉज : प्रोजेक्ट बंद पडल्यावर जाता येईल का? हे इंटरव्ह्यूमध्येच विचारा.

एक्स्ट्रा टाइम

भाऊबीजेनंतर मॅनेजर पुण्याला गेला. मी सांगितलं होतं, चिडून मेल लिहू नकोस, एजंटसारखा बोल. त्याने आधी त्याचा बाँड पूर्ण वाचला. (सव्वा वर्षात पहिल्यांदा!) त्यात लिहिलं होतं की रक्कम उरलेल्या महिन्यांच्या हिशोबाने. म्हणजे दोन लाख नव्हे, पाऊण लाख. मेलमध्ये हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग तो नव्या कंपनीशी बोलला. त्यांनी जॉइनिंग महिनाभर पुढे ढकललं आणि नोटिस बायआउटचा अर्धा भाग उचलायची तयारी दाखवली. उरलेले पैसे आत्याने तिच्या भिशीतून दिले. "परत दे म्हणजे झालं," एवढंच म्हणाली. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही, हे मला फोनवर कळलं. इथे ट्रान्सफर फी क्लबने नाही, आईने भरली होती.

रिलीव्हिंग लेटर मी हे लिहीपर्यंत आलेलं नाही. 'इन प्रोसेस' आहे. ज्यांना हा शब्द माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

परवा त्याचा फोन आला. स्ट्रायकर जर्मनीत गेला, पहिल्याच मॅचला गोल मारला. शिवी वगैरे काही नाही, आवाजात चक्क कौतुक.

"आणि तुझा क्लब?"

"नवा पोरगा सापडलाय ताई. सतरा वर्षांचा. लई भारी खेळतो."

"मग कॉन्ट्रॅक्टची तारीख लिहून ठेवलीस का या वेळी?"

"हो की. तीन वर्षांचं दिलंय. आणि एक रिलीज क्लॉज टाकलाय, कमी रकमेचा."

"कमी? अरे, मग कुणीही उचलून नेईल त्याला!"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "नेऊ दे की. त्याला जायचं असलं तर त्याच्या आईला भिशी मोडायला लागू नये."